एक उठली की दुसरीनंही उठायचं

४ जानेवारी, रविवार

पहिल्या पानावर देवाचं नाव घालायला गेले तर बॉलपेन थंडीनं आखडलेलं, नुसत्या रेघोट्या उठल्या. देव समजून घेईल. माझं शिक्षण चौथी, तेसुद्धा शाळा आमच्या गोठ्याला लागून होती म्हणून. तरी लिहायला बसले, कारण आमच्या घरात राज्य आलंय आणि ते कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे. सून दीपा म्हणते, "आई, फेसबुकवर आहे सगळं." फेसबुकचं काय, आज वर आहे, उद्या खाली सरकलं.

तर इला. माझ्या संजीवची मुलगी, एकतीस वर्षांची, जन्म इथलाच, अमेरिकेतला. दिवसा जर्सी सिटीत वकिली करते, आणि परवापासून या गावाची अध्यक्ष होणार. खरं सांगायचं तर अर्धी अध्यक्ष.

हे गाव एडिसनपासून गाडीनं अर्ध्या तासावर आहे. नाव मला लिहिता येत नाही, मी गावच म्हणते. मधून नदी, नदीवर पूल. पुलाच्या अलीकडे स्टेशन आणि उंच बिल्डिंगा. तिथं आपली माणसं, चिनी माणसं, न्यूयॉर्कला कामाला जाणारी पोरं-पोरी. पलीकडे जुनी घरं, त्यामागं शेतं. अलीकडच्यांना आणखी बिल्डिंगा हव्यात. पलीकडच्यांचं म्हणणं, होतं तसं राहू द्या. नोव्हेंबरात निवडणूक झाली, कौन्सिलात तीन मेंबर अलीकडचे आले, तीन पलीकडचे. आता अध्यक्ष कुणाचा? दोन महिने भांडण. शेवटी इला स्वतः पूल ओलांडून पलीकडच्या लोरेनबाईंकडे गेली आणि दोघींनी मिळून तोडगा काढला. अध्यक्ष दोन, एक इकडची, एक तिकडची. दोघींचा होकार असेल तरच काम होणार. आणि एक उठली की दुसरीनंही खुर्ची सोडायची.

मी विचारलं, "हे शेवटचं कशाला गं?"

"म्हणजे मला कोणी एकटीला काढू शकत नाही, आजी, आणि तिलाही नाही. सेफ्टी."

केवढी हुशार! आमच्या जात्यावर एकीनं हात काढला तर दुसरी रडतखडत दळत बसायची. हिच्या जात्यावर तसं चालायचंच नाही.

६ जानेवारी, मंगळवार

शपथविधी झाला. मी पहिल्या रांगेत बसले, नऊवारी, वरून संजीवचा कोट. इलानं हात वर केला तेव्हा माझ्या डोळ्यांतून धार. शेजारची गोरी बाई टिश्यूचा खोका घेऊन माझ्याकडे वळली. चार घेतले.

लोरेनबाई साठीच्या, आडव्या बांध्याच्या, आवाज ठणठणीत. तीस वर्षं शाळेची बस चालवली म्हणे. आवाजावरूनच कळतं, मागच्या बाकावरच्या पोराला पुढून दटावणारा आहे. शपथ झाल्यावर तिनं इलाच्या पाठीवर अशी थाप मारली की पोर एक पाऊल पुढं गेली.

बाकीचे चार. इलाच्या बाजूला वीर, कोवळा, देखणा, बोलायला लागला की थांबत नाही. आणि मोहन, गरीब स्वभावाचा. लोरेनच्या बाजूला डेनिस, मोठ्या मिशांचा. आणि एक म्हातारा, तो सभेत डुलक्या घेतो, त्याला मी डुलकीबाबा म्हणते. वीर आणि डेनिस एकमेकांकडे बघत नाहीत. पण दोघींनी हात मिळवले तेव्हा टाळ्या न वाजवणारे हेच दोघं होते, हेही खरं.

९ जानेवारी, शुक्रवार

आज पांढऱ्या बसनं देवळात जाऊन आले. ही बस म्हाताऱ्यांसाठी. फोन केला की दारात येते, पूल ओलांडते, देऊळ, डॉक्टर, लायब्ररी, सगळीकडे नेते. मला गाडी येत नाही, संजीव-दीपा ऑफिसात. बस नसेल तर मी आणि खिडकी. आधी चार महिने तसेच काढले होते, पोस्टमनची वाट बघत, माझं पत्र नसायचं तरी.

बसमध्ये पलीकडच्या म्हाताऱ्या पुढं बसतात, अलीकडच्या आम्ही मागं. कुणी सांगितलेलं नाही, पण तसंच.

इला म्हणते, बसचे पैसे मार्चअखेरपर्यंतच मंजूर आहेत. पुढचं दोघी अध्यक्षांनी मिळून करायचं. म्हटलं, मग झालंच की.

१७ जानेवारी, शनिवार

आज आमच्याकडे संक्रांतीचं हळदी-कुंकू. दीपानं तीस बायका बोलावल्या होत्या. तिळगूळ मी केला, पाक थोडा पुढं गेला, अनया नावाच्या एका पोरीचा दात हलला म्हणे. संक्रांतीला एवढं चालायचंच.

आणि लोरेनबाई आल्या! मीच इलाच्या मागं लागले होते, "तुझी जोडीदारीण आहे, बोलव." इला म्हणाली, "आजी, आय डोन्ट नो, लोकं बोलतील." मी म्हटलं, लोकं तिळगूळ खाल्ल्यावर गोडच बोलतात, तेवढ्यासाठीच तो असतो.

लोरेन काळा कोट घालून आल्या. मी म्हटलं बघा, सांगायला नको की संक्रांतीला काळं घालायचं! सोफ्यावर माझ्याशेजारी बसल्या. इला मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती. लोरेननं विचारलं, हे लाल काय? इलानं सांगितलं, नवरा असलेल्या बायकांचं आहे. त्यावर लोरेन म्हणाल्या, त्यांचे यजमान सहा वर्षांपूर्वी गेले.

काय लिहू आता. मी पण तशीच की. आमचे गेले त्याला बारा वर्षं झाली. तिकडं गावाला हळदी-कुंकू असलं की मी मागच्या दारी भांडी लावायचे. इथं पहिल्याच वर्षी दीपानं करंडा माझ्याच हातात दिला. म्हणाली, "आई, लावणाऱ्या तुम्हीच." माझी सून! तिच्यासाठी वेगळी वही घालावी लागेल.

तर मी उठले, लोरेनच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. म्हटलं आता ओटीही भरायची. नारळ, तांदूळ, खण. पदर नाही, मग कसं? मी खुणेनं दाखवलं. त्यांनी कोटाची दोन टोकं धरून पुढं पसरली, मान खाली घातली, आणि मी ओंजळीनं ओटी घातली. अगदी रीतीप्रमाणं वाकल्या बाई. डोळे भरले होते त्यांचे. दीपानं फोटो काढला, इतका सुंदर आलाय!

२० जानेवारी, मंगळवार

सभेला गेले. मोठी गोष्ट झाली. इला आणि लोरेन दोघींनी मिळून सांगितलं: बस चालूच राहणार, पुलाच्या दोन्हीकडं. आणि स्टेशनाजवळ नवी बिल्डिंग होईल, पण चारच मजली. इलाच्या लोकांना आठ मजले हवे होते, लोरेनच्या लोकांना एकही नको होता. दोघींनी अर्धं अर्धं गिळलं. पुढच्या महिन्यात मत घेतील.

मागून कुणीतरी इलाला ओरडलं. मग दुसरं कुणीतरी लोरेनला ओरडलं. मला आपलं बरं वाटलं, दोघींना सारखंच मिळालं.

घरी येताना मी गाडीत आमच्या जाऊबाईंची गोष्ट सांगितली. त्या सरपंच होत्या. गावात दोन गट, म्हणून ठरलं, अडीच वर्षं ह्यांचा सरपंच, अडीच वर्षं त्यांचा. जाऊबाईंनी पहिल्या दिवशीच राजीनामा लिहून देवळात पुजाऱ्याकडं ठेवला. अडीच वर्षं झाली, तर थोरले दीर म्हणाले, राजीनामा उंदरानं खाल्ला. आणि दुसरा लिहायला जाऊबाईंचा हात दुखतोय. पुढची अडीच वर्षं हात दुखला तो.

इला हसून हसून रडली. मग म्हणाली, "आजी, तेव्हा गावात कोणी त्यांना काही म्हणालं नाही?"

"म्हणायचे की. विरोधी गटवाले शिव्या द्यायचे. पण जाऊबाईंचा खरा धाक आपल्याच भावकीचा होता. खुर्ची सोडली असती तर भावकीनं पाणी बंद केलं असतं."

इलानं गाडी चालवता चालवता माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, पुढं बघ.

२३ जानेवारी, शुक्रवार

दीपानं तो फोटो मराठी मंडळाच्या पानावर टाकला होता. तिथून कुणीतरी उचलला. आता तो पलीकडच्या लोकांच्या फोनमध्ये फिरतोय. संजीवनं दाखवला. खाली इंग्रजीत लिहिलंय. म्हटलं वाच. वाचेना. मग वाचलं: "आमची अध्यक्षीण त्यांच्या घरी भीक मागताना."

मी पुन्हा पुन्हा बघितला फोटो. लोरेन मान खाली घालून कोट पसरून उभ्या, समोर मी, हातात तांदूळ. अगं बाई. ठाऊक नसलेल्याला तसंच दिसणार की. ओटी भरणं त्यांना काय माहीत.

संजीव चिडला दीपावर. दीपा रडली. मी दोघांना जेवायला वाढलं आणि सांगितलं, चूक फोटोची नाही, डोळ्यांची आहे. पण मी स्वतः नुसतं ताक पिऊन उठले.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सभा. माणसं दारापर्यंत. डेनिस उभा राहिला, तोच फोटो मोठा करून आणलेला, पुठ्ठ्यावर चिकटवून. पुठ्ठ्यावर मी दोन हात उंच! माझ्या कानातल्या कुड्यासुद्धा स्पष्ट. मी लाजले, पण खोटं का बोलू, कुड्या छान दिसत होत्या.

तो बोलला ते इलानं नंतर सांगितलं. चार मजली बिल्डिंग म्हणजे लोरेननं नारळाच्या बदल्यात गाव विकलं. मग वीर उठला. मला वाटलं आता हा इलाच्या बाजूनं बोलेल. तर तो इलालाच विचारतो, ही बाई तुझ्या घरात काय करत होती? घरात बसून आणखी काय काय ठरवलंत? आठचे चार मजले तिथंच सोफ्यावर झाले का?

सोफ्यावर तर आम्ही तिळगूळ खात होतो. मला उठून सांगावंसं वाटलं.

एक गंमत. डेनिस बोलताना वीर मान हलवत होता. वीर बोलताना डेनिस. एकमेकांचं तोंड न बघणारे दोघं, आणि माना एका तालावर.

८ फेब्रुवारी, रविवार

लोरेन आल्या होत्या, मागच्या दारानं. त्यांना तसं यावं लागलं याचं मला वाईट वाटलं. मागचं दार कसं असतं ते मला माहीत आहे.

चहा केला. आल्याचा चहा त्यांना आवडतो, दोन कप प्यायल्या. डेनिसनं त्यांच्याविरुद्ध सह्या गोळा केल्यात. त्यांचा सख्खा भाऊ त्यांच्याशी बोलत नाही. बिल्डिंगचा शब्द मागं घे, नाहीतर अध्यक्षपद सोड, असं त्यांचेच लोक म्हणतात.

त्या इलाला काहीतरी म्हणाल्या, हळू आवाजात. नंतर मी विचारलं. इला म्हणाली, "शी सेड, मला समोरच्यांची भीती कधीच नव्हती. मागच्यांची आहे."

जाताना लोरेननं माझे हात धरले आणि "आज्जी" म्हणाल्या. 'ज' दोनदा म्हणतात, गोड वाटतं.

त्या गेल्यावर मी इलाला समोर बसवलं. म्हटलं, "खरं सांग, हे माझ्यामुळं झालं ना? मी ओटी भरली नसती तर?"

"नाही आजी."

"माझं मन राखू नको."

"मन राखत नाहीये. फोटो नसता तर दुसरं काहीतरी मिळालं असतं. दे वेअर लुकिंग." मग म्हणाली, "आणि तो एकत्र उठायचा रूल मी लिहिला, आजी. मला वाटलं त्यानं दोघी सेफ राहू. पण मला घालवायचं तर आता वीरला काहीच करावं लागत नाही. डेनिसनं लोरेनला घालवलं की बास. दोन दारांना एकच कडी."

मला सगळं समजलं असं नाही. पण पोरगी आपलीच चूक अशी शांतपणे सांगते, हे वकिलांत क्वचित असेल.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. उपास. साबुदाणा इथला फार चिकट होतो. सध्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. इला येते, खाते, फोनवर बोलते. मोहनचा फोन असला की आवाज बरा असतो. वीरचा असला की ती गॅलरीत जाते, एवढ्या थंडीत.

मला बसची काळजी वाटते. असं लिहू नये, नातीचं राज्य जातंय आणि आजीला बस. पण वाटते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

संपलं. जसं घडलं तसं लिहिते.

सभा सुरू होताच लोरेननं कागद वाचला. आवाज ठणठणीत होता. अध्यक्षपद सोडलं. पलीकडच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिच्याच लोकांनी. भाऊही होता त्यात.

मग वीर चटकन उठून इलाच्या कानाशी गेला. मी पहिल्या रांगेत, मला सगळं दिसत होतं. तो बोलतोय, इला समोर बघतेय. नंतर तिनं सांगितलं ते असं. वीर म्हणाला, तो उठायचा नियम आत्ताच्या आत्ता मोडू. डेनिसलाही तो नकोच आहे. तू एकटी अध्यक्ष राहा, बस पण वाचेल, फक्त आठ मजल्यांना हो म्हण.

बस पण वाचेल! मी तिथं असते ना तिच्या जागी, तर... पण बरं झालं मी नव्हते.

इलानं समोरचा माइक बंद केला, चष्मा पर्समध्ये ठेवला आणि उठली. अध्यक्षाची खुर्ची सोडून टेबलाच्या पार टोकाला, मोहनच्या पलीकडं जाऊन बसली. लोरेन दुसऱ्या टोकाला. मधल्या दोन खुर्च्या रिकाम्या.

गाडीत मी तिच्यावर चिडले. हो, चिडले. म्हटलं, "नियम तूच केलास, तूच मोडला असतास. कोण विचारणार होतं?"

ती म्हणाली, "लोरेननं मला विचारलं असतं."

"तिनं तर आधीच सोडलं."

"म्हणूनच, आजी. ती उठली ते मी पण उठेन या भरवशावर. मी बसून राहिले असते तर डेनिस म्हणाला असता, बघा, हे लोक शब्द पाळत नाहीत. आणि मग पुढच्या वेळी पलीकडचं कोणी आपल्याशी टेबलावर बसलंच नसतं."

पुढच्या वेळी! आत्ताच पडली आणि पुढच्या वेळचं बोलते. मी खिडकीबाहेर बघत बसले. पूल लागला. मला लाज वाटली, चिडले त्याची. माझी पोरगी जाऊबाई नाही. हिचा हात दुखत नाही.

१० मार्च, मंगळवार

आज हसावं की रडावं. नवे दोन अध्यक्ष कोण? वीर आणि डेनिस!

महिनाभर हेच ओरडत होते की वाटून घेणं म्हणजे गाव विकणं. आणि पंधरा दिवसांत दोघं दोन खुर्च्यांवर. हात मिळवले, फोटो काढले. त्यांच्या फोटोखाली कुणी काही लिहिलं नाही.

मी इलाला म्हटलं, "आता यांना कोणी गद्दार म्हणत नाही?"

"कोण म्हणणार, आजी? म्हणणारे तेच दोघं होते."

आणि यांनी दोघांचा होकार लागतो ती अटही काढून टाकली. दोघांनाही दुसऱ्याला विचारायचं नव्हतं. आता सहातली चार मतं मिळाली की काम. बसचं मात्र कुणीच काढत नाही. वीर म्हणतो, बिल्डिंग नाही तर बस नाही. डेनिस म्हणतो, बस दिली की मागून बिल्डिंगा येतात. एकाला बस हवी आहे पण देणार नाही, दुसऱ्याला नको आहे आणि देणार नाही. बसला काय, दोन्हीकडून 'नाही'च.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. दीपानं गुढी बाल्कनीत उभारली, वाऱ्यानं तांब्या दोनदा पडला. खालच्या मजल्यावरच्या बाईनं आणून दिला, दोन्ही वेळा हसत.

इला गेले आठ दिवस ऑफिसातून आली की पुन्हा बाहेर पडते. विचारलं कुठं, तर म्हणते, पलीकडं. डुलकीबाबाच्या घरी जाते म्हणे, लोरेनबरोबर. लोरेन त्यांच्याकडं पुढच्या दारानं नेते तिला, भर दिवसाउजेडी. डुलकीबाबाची आई अठ्ठ्याण्णव वर्षांची आहे, तिला बसनं डायलिसिसला जावं लागतं. मला माहीतच नव्हतं की पुढच्या सीटवरची ती कोपऱ्यातली आजी म्हणजे डुलकीबाबाची आई. इतके दिवस तिच्या मागं बसले, डोक्याचं पांढरं तेवढं बघितलं.

२२ मार्च, रविवार

इलाच्या पक्षाची, म्हणजे अलीकडचीच, माणसं आली होती, तीन. दीपानं कांदेपोहे केले, त्यांनी हात लावला नाही. म्हणाले, तू पलीकडच्यांबरोबर मत दिलंस तर पुढच्या वेळी तुझं नाव मतपत्रिकेवर नसेल. वीर सांगेल त्यालाच पक्षाचं तिकीट. संजीवनं मला सगळं नीट समजावून सांगितलं, तो सहसा सांगत नाही.

लोरेनला तिच्या लोकांनी हेच सांगितलंय. इकडचं वाक्य आणि तिकडचं वाक्य अगदी सारखं.

ते गेल्यावर इलानं थंड पोहे खाल्ले, तिन्ही बशा.

मी म्हटलं, "बसचं राहू दे गं. मी खिडकीत बसेन. मला सवय आहे."

खरंच म्हटलं मी. आणि म्हणताना वाटलं की ही 'बरं' म्हणेल की काय.

ती म्हणाली, "आजी, लिंबू आहे का?"

२४ मार्च, मंगळवार

सभा. बसचा विषय लोरेननं मांडला. इलानं अनुमोदन दिलं. टेबलाच्या या टोकावरून त्या टोकाला, मध्ये वीर आणि डेनिस.

मग हात वर. पहिला लोरेनचा. मग इलाचा. मोहननं आधी वीरकडं बघितलं, मग स्वतःच्या हाताकडं, आणि हळूच वर केला. तीन. चौथा पाहिजे.

डुलकीबाबा डोळे मिटून बसलेला. माझा जीव टांगणीला. मला वाटलं झोपला, गेली बस. डेनिस तर हसायलाही लागला होता. तेवढ्यात डुलकीबाबानं डोळे न उघडता हात वर केला. सरळ, शाळेतल्या मुलासारखा.

विरोधात दोन हात, वीरचा आणि डेनिसचा, एकदम. बसवर मात्र दोघांचं एकमत झालं.

मागून लोक ओरडले. पुन्हा दोन्हीकडचे, पुन्हा दोघींना. इला आणि लोरेन मान वर करून बसल्या. दोघींनी एकमेकींकडं बघितलंही नाही, आणि ते मला फार आवडलं. बघायची गरज नव्हती.

गाडीत इलानं आधी हीटर लावला. मग म्हणाली, "आजी, खुर्ची होती तेव्हा नाही जमलं. खुर्ची गेल्यावर जमलं."

"मग पुढच्या वेळी?"

"पुढच्या वेळी मी कौन्सिलात नसेन. लोरेन पण नाही."

"मग कोण असेल?"

ती हसली. मी तिच्या गालावरून हात फिरवला. माझ्या हाताला थोडं ओलं लागलं, ते मी पदराला पुसलं. लोक मला विचारतात, नात काय करते. मी आता काय सांगू, काय काय करते ती!

१ एप्रिल, बुधवार

आज बसला फोन केला. आली. एप्रिल लागला आणि बस आली, दारात.

आत पलीकडच्या चार-पाच म्हाताऱ्या पुढं बसलेल्या. त्यात एक लाल स्वेटरवाली, तिला पूर्वीही बघितलंय. तिनं शेजारणीला काहीतरी सांगितलं, त्यात "लोरेन" आलं, मग "ईला" आलं. इंग्रजी मला समजत नाही, पण कच्चा आवळा खाल्लेलं तोंड समजतं. तसं तोंड होतं. शेजारीण मान हलवत होती, कुणाचं तरी फार वाईट झालं असं.

बस हलली तेव्हा मी मधल्या जागेत उभीच, दांडा धरून. मागं जाऊन बसायचं माझं नेहमीचं. पाय उचललाही होता. मग मला काय झालं कुणास ठाऊक, मी थांबले. मला जेवढं इंग्रजी येतं तेवढं सगळं जमा केलं आणि लाल स्वेटरवालीला म्हटलं, "इला, माय ग्रँडडॉटर." मग सीटच्या दांड्यावर हात आपटून, "धिस बस. माय ग्रँडडॉटर. लोरेन. धिस बस."

ड्रायव्हर आरशातून बघायला लागला. कोपऱ्यातली डुलकीबाबाची आई माझ्याकडं वळली, पहिल्यांदाच मी तिचं तोंड बघितलं.

लाल स्वेटरवालीनं बराच वेळ माझ्याकडं बघितलं. तोंड काही गोड झालं नाही तिचं, खोटं कशाला लिहू. पण तिनं शेजारच्या सीटवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

मी बसले.